जर्नलच्या शेजारची वही

चि. केतकीस,


तुझ्या आईचा फोन आला होता. पुढे पीएच.डी. करायचं तू मनाशी ठरवलं आहेस, तर आतापासूनच ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेचा क्लास लावावा का, असं ती विचारत होती. हवा तर लाव. पण परीक्षेने फक्त प्रवेश मिळतो. त्यानंतर पाच-सहा वर्षं जे काम करायचं, त्याची सवय परीक्षा लावत नाही. ती सवय बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून लावून घेता येते, म्हणून हे पत्र.

तुमचं साधं प्रॅक्टिकल घे : ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन. ब्यूरेटवर 10.3, 10.0, 10.1 अशी रीडिंग्ज येतात आणि जर्नलमध्ये तिन्ही रकान्यांत 10.0 उतरतं, कारण सीबीआर (कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग) जुळला नाही तर सही मिळणार नाही ही भीती. वर्गात कोणालाच त्यात वावगं वाटत नाही. मला फार वाटतं. त्या 10.3 मागे काहीतरी घडलेलं असतं. तोटीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला होता का? शेवटचे थेंब घाईत पडले का? फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग थोड्या वेळाने उडतो, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो म्हणून. त्याच कारणाने ठेवून दिलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी बदलते आणि ती पुन्हा ठरवून घ्यावी लागते. आकडा खोडून जुळवलास की हे सगळे प्रश्न त्याच्याबरोबर पुसले जातात. संशोधनात तर आकडा जुळवणं हा अपराधच आहे, आणि त्याची सवय अशाच निरुपद्रवी वाटणाऱ्या जागी लागते.

तेव्हा जर्नलच्या शेजारी स्वतःची एक वही ठेव. शिवलेली, पानांवर क्रमांक घातलेली. पेनने लिही, तारीख घाल. चुकलं तर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. रसायनाच्या बाटलीवरचा बॅच नंबर, त्या दिवशी बदललेला पिपेट, मध्येच गेलेली वीज, सगळं त्यात येऊ दे. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला ती वही वाचून तुझा प्रयोग जसाच्या तसा करता आला, तर वही नीट लिहिली असं समज.

आणि वहीत एक प्रश्न हवा. तुमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी कठीण आहे, डाळ शिजत नाही, ही आजीची जुनी तक्रार. काठिण्य मोजायचं ईडीटीएचं टायट्रेशन तुम्हाला अभ्यासक्रमातच आहे. लालसर जांभळा रंग जाऊन निळा आला की झालं. दर पंधरा दिवसांनी त्याच विहिरीचं, त्याच खोलीवरचं पाणी घे. प्रत्येक नमुना दोनदा तपास, सोबत डिस्टिल्ड वॉटरचं ब्लँक लाव. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर काठिण्य किती बदलतं ते पाहा. यात जगाला हादरवणारं काही निघणार नाही. पण नमुना कसा घ्यायचा, कशावर विश्वास ठेवायचा, आणि अपेक्षेच्या उलट आकडा आला की काय करायचं, हे तू शिकशील. त्यासाठी सरांकडे शनिवारी दुपारी प्रयोगशाळा वापरायची परवानगी माग. विचारलं तर बहुतेक शिक्षक आनंदाने देतात.

बाहेरच्या संधीही आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘एनआययूएस’ हा उपक्रम खास पदवीच्या मुलांसाठी आहे. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, त्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येतं. तिथे सुरुवातीचे दिवस काचसामान धुण्यात आणि शोधनिबंध वाचण्यात जातील. त्याला कमी लेखू नकोस. निबंध वाचताना आधी आकृत्या आणि तक्ते पाहा, त्यातून तुला काय दिसतं ते वहीत लिही, आणि मगच लेखकाचं म्हणणं वाच.

शेवटी कामच बोलतं, याचं एक उदाहरण सांगते. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, शास्त्रज्ञ कमला सोहोनी 1933 मध्ये बी.एस्सी. होऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा वर्षभर काम पाहून ठरवू अशा अटीवर घेतलं. ते वर्ष त्यांनी कामानेच जिंकलं. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी वर काम करून 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. एक नेमका प्रश्न घेऊन त्याचं पक्कं उत्तर द्यायला तेवढी पानं पुरली.

आता चार वर्षांची पदवी आली आहे. 2022 च्या यूजीसी नियमांनुसार चार वर्षं करून 75 टक्के मिळवले तर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. माझं मत विचारशील तर घाई नको. चौथं वर्ष संशोधनात घालव, आणि लांबलेलं, न जुळणारं काम तुला झेपतं का, ते स्वतः पाहा. नाही झेपलं तर त्यात कमीपणा नाही, तेही पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाऐवजी आत्ताच कळलेलं बरं.

उन्हाळ्यासाठी कोणा शास्त्रज्ञाला ईमेल करायची झाली तर एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नकोस. ज्यांना लिहिणार त्यांचा एक निबंध पूर्ण वाच आणि त्यातलं न कळलेलं नेमकं विचार. कच्चा मजकूर आधी मला पाठव, रविवारी फोनवर बसून पाहू.

ताई-भावजींना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी