काळ्या मातीतली एमएम ५४०

महिंद्राची एमएम ५४० अजून हवी तितकी चालते. प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन साधं आणि दणकट आहे. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास ही गाडी खराब होते ती मुख्यतः इथल्या पाण्याने आणि मातीने. गाडीच्या वयाला दोष देण्याआधी या दोन्हींकडे बघावं, असं मी बऱ्याच वर्षांच्या वापरानंतर म्हणतो.

१. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून सर्रास बोअरचंच ओतलं जातं. ते जड असतं. क्षार नळ्यांत बसतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला आणि म्हैसमाळचा चढ लागला की काटा लाल रेघेकडे निघतो. मग कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकतं. त्याने थंडीत इंजिन वेळेवर तापत नाही, डिझेल नीट जळत नाही आणि नळ्यांतला क्षार तिथेच राहतो. रेडिएटर उतरवून रॉडिंग करून घ्या, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरा. फॅन बेल्ट आणि झाकणाचं रबरही बघा.

२. एक्सलचं ऑईल सील बदलूनही पुन्हा गळत असेल, तर ब्रीदर तपासा. एक्सलवरची ही छोटीशी वाट काळ्या मातीने बुजते. एक्सल तापला की आतली हवा फुगते आणि बाहेर पडायला जागा नसल्याने सीलमधून तेल ढकलते. तोच तापलेला एक्सल नाल्याच्या पाण्यात बुडला की हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नाला ओलांडल्यावर तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. मेकॅनिक सील बदलून देतो, ब्रीदरकडे बघायला मालकानेच सांगावं लागतं.

३. वॉबलिंग सुरू झालं की स्टिअरिंग बॉक्सवर खर्च करण्याआधी पुढचं चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. डावी-उजवीकडचा खेळ बहुधा टाय रॉडच्या टोकांचा.

४. डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर लावू नका. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात; फोर-बाय-फोर लावल्यावर या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडलेले असतात. चिखलात चाक घसरून तो फरक भरून निघतो, डांबरावर ताण गिअरमध्ये साठतो आणि लिव्हर निघत नाही. जोर लावू नका, सरळ रेषेत थोडं मागे घ्या. मात्र महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून गाडी थोडी चालवा. आतलं तेल सगळीकडे फिरतं.

५. डिसेंबरच्या सकाळी सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, तेव्हा आधी हीटर प्लग. टेस्ट लॅम्पने एकेक तपासा. ते ठीक असतील तर डिझेल लाईनमधली एअर काढा.

६. गोदाकाठच्या रानात वापसा आल्याशिवाय गाडी घालू नका. घालावीच लागली तर चिखल वाळायच्या आत खालून धुवा. मग क्रॉस आणि शॅकलला ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. माती त्या जुन्या ग्रीसबरोबरच बाहेर येते.