कवचांतील वाट

नारळ सोलून पाहिला म्हणजे करवंटीच्या एका टोकास तीन डोळे दिसतात. करवंटी इतकी कठीण कीं ती फोडावयास कोयता लागतो. परंतु त्या तीन डोळ्यांपैकीं एक मऊ असतो, आणि कोंब त्यांतूनच बाहेर येतो. रक्षण करणाऱ्या कवचानें वाढीची वाटही मोकळी ठेविली आहे. विद्यार्थिमित्रहो, आपण मोबाइल फोन व टॅबलेट यांस जें कव्हर घालतों, त्याची परीक्षाही ह्याच कसोटीवर केली पाहिजे.

प्रथम कव्हर काय काम करतें तें पाहूं. २०० ग्रॅम वजनाचा फोन १ मीटर उंचीवरून पडला, तर जमिनीस टेकतांना त्याचा वेग सेकंदास सुमारें ४.४ मीटर असतो. तो १ मिलिमीटर अंतरांत थांबला, तर त्याजवर सरासरीनें सुमारें २०० किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो. कव्हर चेपलें जाऊन हेंच अंतर ४ मिलिमीटर झालें, तर तो जोर सुमारें ५० किलोग्रॅमवर उतरतो. चेंडू झेलतांना खेळाडू हात मागें घेतो, त्यांतील मर्म हेंच.

परंतु ह्या उपकरणांस वीजही रोज द्यावी लागते. जहाज गोदींत येऊन लागतें, तसें उपकरण ज्याच्या खांचेंत ठेवतांच त्याला वीज मिळते, त्यास डॉक म्हणतात. २००३ सालीं अ‍ॅपल कंपनीनें आयपॉडच्या बुडाशीं ३० टांचण्यांचा जोड बसविला, आणि त्या मापाचे पुष्कळ डॉक बाजारांत आले. पण त्यांची खांच उघड्या उपकरणाच्या बेताची होती. जाड कव्हर चढविलें कीं उपकरण आंत बसेना. बसलें तरी जोड पुरता लागेना. मग कव्हर रोज काढावें आणि रोज चढवावें! जें रोज काढावें लागतें, तें कव्हर एके दिवशीं टेबलावरच राहतें, आणि फोन नेमका त्याच दिवशीं हातांतून निसटतो.

ह्या अडचणीवर तीन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे जोडापुरतें भोंक ठेवणें. हा सर्वांत स्वस्त होय. मात्र भोंक अरुंद असेल तर तारेचें जाड डोकें आंत शिरत नाहीं, आणि अर्धवट बसलेला जोड सैल राहून तापतो.

दुसऱ्या प्रकारांत कव्हरच्या आंतच एक जोड कायमचा असतो. तो उपकरणांत गुंतलेला राहतो, आणि बाहेरील बाजूस धातूच्या टिकल्या असतात. डॉकमधील स्प्रिंगच्या टांचण्या त्यांस येऊन टेकतात. मोटारींत किंवा गुदामांत, जेथें उपकरण दिवसांतून अनेक वेळां ठेवावें व उचलावें लागतें, तेथें हा प्रकार सोयीचा पडतो. झीज होते ती बदलतां येणाऱ्या कव्हरची. उपकरणाचा जोड शाबूत राहतो. मात्र खर्च अधिक येतो, आणि टिकल्या वेळोवेळीं पुसाव्या लागतात.

तिसरा उपाय तारेवांचूनचा. एका वेटोळ्यांतील वीजप्रवाह बदलत राहिला, तर जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर फोन तबकडीवर ठेवून भारला जातो. दोन वेटोळ्यांत अंतर कांहीं मिलिमीटरांचेंच चालतें. म्हणून पातळ प्लास्टिकचें कव्हर चालतें, फार जाड असलेलें चालत नाहीं. धातूचा पत्रा मध्यें आला तर त्यांतच भोंवरी प्रवाह उत्पन्न होतात, वीज वायां जाते आणि पत्रा तापतो. कव्हरच्या मागें नाणें किंवा किल्ली ठेवण्याची कित्येकांस संवय असते. भारण्यापूर्वीं ती काढून ठेवावी.

उष्णतेची गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. लिथियमची बॅटरी उष्णतेनें लवकर जीर्ण होते, आणि कव्हर ऊब धरून ठेवतें. म्हणून भारतांना फोन उशीखालीं किंवा पांघरुणांत कधींही ठेवूं नये. पाठ फुगलेली दिसली तर त्याचा उपयोग तत्काळ थांबवून तो जाणत्या कारागिरास दाखवावा.

पालकांसही एक विनंती आहे. फोन कष्टाच्या पैशांनीं येतो. तेव्हां कव्हर घेतांना केवळ रंग पाहूं नये. घरचा चार्जर दुकानांत न्यावा आणि कव्हर चढवून जोड पुरता बसतो कीं नाहीं तें तेथेंच पाहावें. घरीं आल्यावर अर्धा तास फोन भारून पाठीस हात लावावा. ती फार तापली असेल तर तें कव्हर परत करावें. पडतांना सांभाळणारें आणि भारतांना अडविणार नाहीं असें कव्हर मिळालें, म्हणजे तें काढण्याचें कारणच उरत नाहीं, आणि फोन पडेल त्या दिवशीं तें त्याच्या अंगावरच असेल.