ऐकावे की वाचावे?

चित्रांना गती देऊन रचलेले जपानी चलच्चित्रपट आज जगभर आवडीने पाहिले जातात. त्यांना ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात. परंतु जपानी न जाणणाऱ्या प्रेक्षकापुढे आरंभीच एक पेच उभा राहतो. पात्रांचे बोलणे परक्या नटांच्या मुखाने आपल्या भाषेत ऐकावे, की मूळ आवाज कानी पडू देऊन पडद्याच्या तळाशी उमटणारा अनुवाद वाचावा? पहिली रीत डबिंगची, दुसरी उपशीर्षकांची. रसिकांमध्ये हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे आणि उभय पक्ष तो मोठ्या हिरिरीने लढवितात.

हायाओ मियाझाकी यांच्या १९८९ सालच्या ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ या चित्रपटाची गोष्ट पाहण्याजोगी आहे. किकी ही तेरा वर्षांची जादूगार मुलगी. त्या वयात घर सोडून परक्या गावी स्वबळावर राहावे, अशी तिच्या कुळाची रीत. झाडूवर बसून ती निघते, तेव्हा सोबतीला असतो जिजी नावाचा काळा बोका. त्याची भाषा केवळ तिलाच कळते. पुढे तिचे मन खचते, उडण्याची शक्ती लोपते आणि जिजीचे बोलणेही कळेनासे होते. उरते ते नुसते म्यांव. अखेरीस ती पुन्हा उडते. मूळ चित्रपटात जिजी मात्र तेव्हाही म्यांवच करतो. १९९८ सालच्या इंग्रजी डबिंगमध्ये शेवटी त्याच्या तोंडी शब्द घातले गेले, आणि मूळ चित्रपटात जेथे शांतता होती तेथेही त्याला बोलके केले गेले. एका वाक्याने गोष्टीचा शेवट पालटला! बोक्याचे मौन म्हणजे किकीचे बालपण मागे पडणे, असा अर्थ अनेकांनी लावला होता; त्याला आता जागाच उरली नाही. २०१० साली हे डबिंग पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा भर घातलेले बरेचसे बोल काढून टाकण्यात आले.

उपशीर्षकांचे समर्थक येथे विजयाने मान डोलावतील. पण उपशीर्षक तरी कोठे निर्दोष आहे? त्याला बहुधा दोनच ओळींची जागा आणि काही क्षणांचा अवधी मिळतो; म्हणून लांब वाक्याची काटछाट करावी लागते. डोळे अक्षरांवर खिळले की चित्रकाराने जीव ओतून रंगविलेले आकाश पाहायचे राहून जाते. आणि ज्याला अजून वाचता येत नाही असा धाकटा भाऊ, किंवा जिची दृष्टी मंदावली आहे अशी आजी, यांनी काय करावे?

पात्रांचे ओठ शब्दांशी जुळत नाहीत, ही डबिंगविषयीची तक्रार मात्र फारशी टिकत नाही. जपानातही बहुधा चित्रे आधी तयार होतात आणि नट ती पाहत मागाहून आवाज देतात.

काही स्थळी दोन्ही उपाय थिटे पडतात. मियाझाकींच्याच ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) मध्ये युबाबा ही जादूगारीण चिहिरोचे नाव हिरावून घेते. जपानीत हे नाव दोन चिन्हांनी लिहितात. त्यांतील पहिले तेवढे ती ठेवते. नावात त्याचा उच्चार ‘चि’, पण ते एकटे उरले की ‘सेन’, अर्थ, हजार. जपानी बालकाला हे वाचताक्षणी उमगते. परक्या भाषेतील प्रेक्षकाला एवढेच कळते, की नाव बदलले. त्याच चित्रपटात दारावरील पडद्याच्या एका अक्षरावरून जपानी प्रेक्षक ओळखतो, की हे सार्वजनिक स्नानगृह आहे. इंग्रजी डबिंगकारांनी त्यासाठी चिहिरोच्या तोंडी एक छोटे वाक्य घातले. ही भर किकीच्या बोक्याला दिलेल्या शब्दांसारखी मात्र नाही; तिने गोष्ट बदलली नाही, दार उघडून दिले.

आपल्याकडेही असा एक प्रसंग घडला आहे. किपलिंगच्या इंग्रजी कथांतील मोगलीवर जपानी चित्रकारांनी १९८९ साली मालिका केली आणि १९९३ साली ती दूरदर्शनवर हिंदीतून आली. गुलजार यांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी स्वरबद्ध केलेले तिचे शीर्षकगीत मूळ जपानी मालिकेत नव्हतेच. शेरखानाला आवाज दिला होता नाना पाटेकर यांनी. तेव्हाची मुले आज मोठी झाली आहेत. त्यांच्यापुढे ती मालिका जपानी आवाजात आणि मराठी उपशीर्षकांसह लावली, तर मूळ शेरखानच त्यांना परका वाटेल.