हाली आणि कलदार

आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, 1948 पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथून मुंबईस शिकावयास निघालेला विद्यार्थी आगगाडीने काही तासांत मनमाडला पोहोचे. मनमाड हे इंग्रजी मुलखातले गाव. वाटेत समुद्र नव्हता, बोलीही मराठीच होती. तरी त्याच्या खिशातील नाणे तेथे परके ठरे.

संस्थानचा रुपया तो ‘हाली सिक्का’. त्यावर चारमिनारचे चित्र असे. इंग्रजी मुलखातील रुपया तो ‘कलदार’. कळीवर, म्हणजे यंत्रावर, पाडलेला म्हणून त्यास हे नाव पडले. साधारणपणे 7 हाली रुपयांस 6 कलदार मिळत. घरच्यांनी काटकसर करून जमविलेल्या 70 हाली रुपयांचे 60 कलदारच होत. हा हिशेब आधी न करणाऱ्यास परमुलखात ऐन वेळी पैसे अपुरे पडत. म्हणून शहाणा प्रवासी निघण्यापूर्वीच लागेल तेवढी रक्कम बदलून घेई आणि परतीच्या वाटेसाठी थोडे हाली रुपये वेगळे बांधून ठेवी.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतरही काही वर्षे हाली सिक्का भारतीय रुपयाबरोबर चालत राहिला. अखेर 1959 साली तो चलनातून बाद झाला. आता मनमाडला जाताना कोणालाही नाणे बदलावे लागत नाही. परदेशी निघालेल्या प्रवाशास मात्र तोच हिशेब आजही करावा लागतो. जवळ पैसे किती आहेत, एवढेच पाहून भागत नाही. जेथे जावयाचे तेथे ते किती ठरतील, हेही पाहावे लागते.