प्रोफाइल बाबांनी लिहिलं होतं

गेल्या मे महिन्यात इचलकरंजीहून एक वडील मुलाला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाचा शेवटचा पेपर देऊन नुकताच मोकळा झालेला. खुर्चीवर बसायच्या आधीच वडिलांनी मोबाइलवर लिंक्डइन उघडून माझ्यापुढे धरलं. "सर, बघा की, सगळं भरलंय. तीन महिने झाले, एक फोन नाही."

वर ठळक अक्षरांत होतं, 'पॅशनेट, डायनॅमिक अँड रिझल्ट-ओरिएंटेड इंजिनिअर विथ अ प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड'. मी मुलाला विचारलं, "हे ट्रॅक रेकॉर्ड म्हणजे कुठलं काम रे?" तो वडिलांकडे बघायला लागला. प्रोफाइल त्यांनी लिहिलं होतं, म्हणजे चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं होतं. पासवर्डही त्यांच्याच डायरीत होता.

त्या मुलाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. मामांचा यंत्रमागाचा कारखाना, चोवीस माग. दहावीपासून प्रत्येक सुट्टीत हा जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली. धोटा का उडतो, बाणा मधेच का तुटतो हे तो हातवारे करून सांगू लागला आणि पहिल्यांदाच मान वर करून बोलला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी त्यानं एका वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली होती, कुठला माग किती वेळ बंद राहिला आणि कशामुळे. चार महिन्यांनी दिसलं की सहा मागांतच निम्म्याहून जास्त वेळ वाया जातो आणि मूळ कारण झिजलेले पिकर, म्हणजे धोट्याला टोला देणारे भाग. मग मामांनी पिकर ठरावीक मुदतीनं बदलायला सुरुवात केली.

"हे का नाही लिहिलंत?" मी वडिलांना विचारलं.

"अहो, ते घरचं काम. त्यात काय सांगायचं?"

आपल्याकडच्या बहुतेक प्रोफाइलांचं दुखणं या एका वाक्यात आहे. केलेलं काम 'घरचं' म्हणून वगळायचं आणि न केलेल्या कामासाठी इंग्रजी विशेषणं गोळा करायची.

समोरच्या बाजूला काय होतं ते जरा समजून घ्या. नौकरी डॉट कॉम असो की लिंक्डइन, माणसं शोधणारा सकाळी बसून एकेकाचं चरित्र वाचत नाही. तो शोधाच्या चौकटीत शब्द टाकतो. ऑटोकॅड, टॅली, जीएसटी, सीएनसी, पुणे, फ्रेशर. त्याच्या कामाचे शब्द तुमच्या प्रोफाइलमध्ये नसतील, तर यादीत तुमचं नाव वर येणं कठीण. 'पॅशनेट' हा शब्द कुणी शोधत नाही. हा झाला पहिला टप्पा. यादीत नाव आलं की तो नाव, फोटो आणि त्याखालची एक ओळ बघतो आणि उघडायचं की पुढे जायचं ते ठरवतो. लिंक्डइनवर या ओळीला 220 अक्षरांची मुभा आहे, पण मोबाइलवर त्यातला सुरुवातीचा तुकडाच दिसतो. म्हणून कामाची गोष्ट आधी.

आम्ही त्या मुलाची ओळ तिथेच बसून बदलली. मराठीत सांगायचं तर अशी: 'मेकॅनिकल डिप्लोमा, यंत्रमाग देखभाल, बंद वेळेच्या नोंदी आणि विश्लेषण, ऑटोकॅड, इचलकरंजी-कोल्हापूर-पुणे'. खाली 'अबाउट'मध्ये वहीची हकिकत, आठ वाक्यांत. तिथे 2600 अक्षरं लिहिता येतात, पण येतात म्हणून लिहायची नसतात. मी अट एकच घातली. इथलं कुठलंही वाक्य घेऊन त्यावर पाच मिनिटं प्रश्न विचारले, तर घाम न फुटता उत्तर देता आलं पाहिजे. जे वाक्य या परीक्षेत बसत नाही, ते खोडायचं. मामांचा कारखाना आहे हेही लपवायचं नाही, सरळ लिहायचं. वही दाखवता येते, तेवढं पुरे.

या अटीमुळे कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्नही सुटतो. भाषा तपासायला, इंग्रजी नीट करायला ती खुशाल वापरा. पण आधी मजकूर तुमचा हवा. एकाच वर्गातल्या चार मुलींच्या प्रोफाइलमध्ये तेच वाक्य, त्याच स्वल्पविरामासह, मी स्वतः पाहिलं आहे. रोज अशी शेकडो प्रोफाइलं बघणाऱ्याला ते कळत नसेल असं समजू नका.

खोटं लिहिण्याबद्दल मुलं मला दबक्या आवाजात विचारतात, "सर, सगळेच थोडं वाढवतात ना?" त्यांना मी अमेरिकेतल्या एमआयटीची गोष्ट सांगतो. मॅरिली जोन्स या तिथल्या प्रवेश विभागाच्या डीन. प्रवेशाच्या शर्यतीत मुलांवर इतका ताण देऊ नका, असं पालकांना जाहीरपणे सांगणाऱ्या आणि त्यासाठी नावाजलेल्या. त्या 1979 साली तिथे लागल्या तेव्हा त्यांनी नसलेल्या पदव्या अर्जात लिहिल्या होत्या. 28 वर्षांनी, एप्रिल 2007 मध्ये, ते उघड झालं आणि राजीनामा द्यावा लागला. काम चांगलं होतं, पण ते वाचवू शकलं नाही. ती कागदाची दुनिया होती, म्हणून इतकी वर्षं निभावलं. आज आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर माणूस कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता हे दिसतं, अनेक गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये असतात आणि बऱ्याच कंपन्या रुजू होताना पडताळणी दुसऱ्या संस्थेकडून करून घेतात. सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचं दीड वर्ष करणं म्हणजे पुढे कधी फुटेल ते माहीत नसलेला फटाका खिशात ठेवणं.

कॉम्प्युटरच्या मुलांना हे वाढवून दाखवणं वेगळ्या जागी नडतं. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रकल्प टाकतात, आणि चाळीस फायली एकाच रात्री, एकाच नोंदीत चढवलेल्या दिसतात. जाणकार माणूस ती नोंदच आधी बघतो. अर्धवट, चुका दुरुस्त करत तीन महिने चाललेला एक छोटा प्रकल्प त्याहून कितीतरी बोलका असतो.

प्रमाणपत्रांचं सांगायलाच हवं, कारण पालकांचा जीव तिथे अडकलेला असतो. लॉकडाउनमधल्या वेबिनारांची 'सहभागी झाल्याबद्दल' मिळालेली वीस प्रमाणपत्रं काढून टाका. त्याऐवजी स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावरचा एखादा अभ्यासक्रम पुरा करा. शिकणं मोफत आहे, परीक्षेला फी आहे, ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि प्रमाणपत्र खरं की खोटं हे तपासता येतं. असं एक पुरतं.

फोटोबद्दल एवढंच, की मावसभावाच्या लग्नातला कापून काढलेला नको. खांद्यावर कुणाचा तरी हात आणि कोपऱ्यात फेट्याचा तुरा दिसतो. खिडकीजवळ उजेडात उभं राहून साध्या शर्टात मित्राकडून काढून घ्या. फोटो स्टुडिओ लागत नाही.

आणखी एक खास आपला घोळ म्हणजे बायोडेटा. लग्नाचा आणि नोकरीचा आपण एकच समजतो. जात, रास, उंची, वडिलांचा हुद्दा, भावंडं किती, घराचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख. मी एकदा आधार क्रमांकसुद्धा पाहिला. यातलं काहीही सार्वजनिक प्रोफाइलवर नको. गाव किंवा शहर आणि सरळ नावाचा ईमेल एवढं बास. कॉलेजात गमतीनं काढलेला 'रॉकस्टार' ईमेल आता निवृत्त करा. प्रोफाइल नीट झालं की फसवणारेही मेसेज पाठवू लागतात. नोंदणी फी, प्रशिक्षणाची अनामत, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले की तिथेच थांबायचं. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

आता पालकांशी थोडं. लिंक्डइनवर खातं उघडायला किमान वय 16 लागतं, त्यामुळे नववीतल्या मुलाच्या खात्याची चौकशी करायला माझ्याकडे येऊ नका. येतात, म्हणून सांगतोय. मोठ्या मुलांच्या बाबतीत तुम्हाला एक काम मात्र फार चांगलं करता येतं. संध्याकाळी चहा घेताना विचारा, "गेल्या दोन वर्षांत तू हातानं काय काय केलंस?" आणि मग गप्प बसा. गणेश मंडळाचा हिशेब ठेवला, आजीची बँकेची कामं ऑनलाइन केली, बहिणीच्या केकच्या ऑर्डरी सांभाळल्या, काहीही असो. ते कागदावर टिपा. त्यातलं काय प्रोफाइलवर जाईल ते नंतर बघू. तुम्हाला क्षुल्लक वाटणारं बरंच काही निघेल.

त्या मुलाला जूनमध्ये दोन मुलाखतींची बोलावणी आली. पहिलीत जमलं नाही, इंग्रजी अडखळलं. दुसरी हातकणंगल्याजवळच्या एका कारखान्यात होती. तिथे त्याला वही घेऊन यायला सांगितलं होतं. निकाल अजून कळायचा आहे. वडिलांचा परवा फोन आला होता, प्रोफाइलमध्ये आणखी काय घालू म्हणून. मी म्हटलं, तुम्ही काही घालू नका, आधी पासवर्ड त्याला देऊन टाका.