शिलाई किती, ते सांग की गं!

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा निरोप वाचला तेव्हाच फोन करणार होते, पण तुझे दाजी झोपले होते. कोण कुठली बाई लिहिते, "ताई, तुमचे व्हिडिओ मस्त! जरा माझ्या मापाचं ब्राह्मणी नऊवारीचं पूर्ण कटिंग लिहून पाठवा, सकाळपर्यंत हवंय." आणि तू शहाणी कागद-पेन्सिल घेऊन बसलीस!

व्हिडिओ मात्र बंद करू नकोस. सगळं शिकवून टाकलं तर शिवायला कोण येणार, असं परवा म्हणालीस. येतात गं. 'रुचिरा' 1970 साली आलं, घराघरात पोचलं, तरी होळी आली की पुरणपोळीच्या ऑर्डरी लागतातच ना? तुझा तो मापाचा व्हिडिओ घे. साडीवर ज्या चपला घालणार त्याच पायात घालायच्या आणि मग कंबरेपासून जमिनीपर्यंत टेप सोडायची. तो व्हिडिओ बघून माप पाठवणारीचा काष्टा तुला पुन्हा उसवावा लागत नाही. त्या फुकटच्या शिकवणीत तुझीच मेहनत वाचते.

किर्लोस्करांचं बघ. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना लक्ष्मणरावांनी नांगर विकले. 1920 साली किर्लोस्करवाडीहून शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती लोकांना व्हावी म्हणून. पुढे त्याचंच केवढं मोठं मासिक झालं! पण आपल्याला काही विकायचंय हे त्यांनी लपवलं का? नावातच कारखाना होता. तुझ्या एवढ्या व्हिडिओंत शिलाईचा 'शि' तरी आहे का?

हसू नकोस, मीही त्यातलीच. रिटर्न भरून द्यायचं काम नुकतंच सुरू केलं होतं. ओळखीच्या एका बाईंना वर्षभर फोनवर समजावत होते, फॉर्म 16 कुणाकडून घ्यायचा, 26एएस कुठं बघायचं, 31 जुलै चुकली तर काय. जुलैत त्यांनी रिटर्न भरलं ते दुसऱ्याच कुणाकडून, आणि चांगले पैसे देऊन! मला म्हणाल्या, "अय्या, तुम्ही पैसे घेऊन करता होय? आम्हाला वाटलं, आवड म्हणून सांगता." आता रागवायचं तरी कुणावर? कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी राहिले.

बंगळूरला यशवंतपूरच्या मार्केट यार्डात आपल्याकडचा कांदा येतो, एकदा जाऊन बघ. गोणीचं तोंड उसवतात, दोन-चार कांदे हातावर ठेवतात, हवा तर फोडूनही दाखवतात. पण भाव विचारला की कुणी खाली बघत नाही.

तूही तसंच कर. एकदा सांगून शंभरजणींच्या कामी येतं ते खुशाल फुकट दे. एकीच्या कंबरेचं, एकीच्या साडीचं गणित मांडायला बसलीस की पैसे. त्या रात्रीच्या बाईला लिही, "कटिंग आखून देईन, तीनशे रुपये. शिवून हवी असेल तर बाराशे." एवढंच. वर 'सॉरी' नको, हात जोडलेलं चित्र नको. नात्यातल्यांचं तुझं तू बघ बाई. आमच्या वन्संच्या रिटर्नचे पैसे मला अजून मागता आलेले नाहीत.

चल, आता मला म्हणून दाखव, "शिलाई बाराशे." मोठ्यानं. चहा मग टाकते.