मीटरला प्रश्न विचारणारा संगणक

सातारा-सांगली भागात रात्री थ्री-फेज वीज आली की आता बरेच शेतकरी विहिरीवर धावत नाहीत. घरूनच मोबाईल लावून मोटर चालू करतात. अंधारात बांधावरून जाणे आणि साप-विंचवाचे भय टळते. पण हे सुख पॅनेलमधील एका छोट्या सर्किट बोर्डावर अवलंबून असते. एक फेज गेली आणि बोर्डाने मोटर तोडली नाही, तर वाइंडिंग जळते आणि ऐन उन्हाळ्यात पीक पाण्यावाचून राहते. म्हणून बोर्ड बनविणाऱ्याची खरी परीक्षा तपासणीच्या टेबलावर होते.

एक अनुभव सांगतो. आम्ही चाळीस बोर्ड तपासत होतो. प्रत्येकाची बारा मापे, म्हणजे एकूण 480 नोंदी. एका मापाला पंधरा सेकंद धरले तरी दोन तास लागतात. पुढे काही बोर्ड परत आले, तेव्हा रजिस्टर उघडले. शेवटच्या दहा बोर्डांचे आकडे हुबेहूब सारखे होते! थकलेल्या हाताने मीटर न पाहताच लिहिले होते. बेइमानी करण्याचा हेतू नव्हता, पण नोंद खोटीच होती. त्या दिवशी आम्ही ठरविले की आकडा मीटरकडून थेट संगणकात गेला पाहिजे.

ही विद्या नवी नाही. अमेरिकेच्या हेवलेट-पॅकार्ड कंपनीने 1960 च्या दशकाअखेर आपली मापनयंत्रे एकमेकांना जोडण्यासाठी एक पद्धत काढली. 1975 साली ती आय-ट्रिपल-ई 488 या नावाने सर्वमान्य झाली. हिलाच जीपीआयबी म्हणतात. 24 पिनांची जाड केबल, एका साखळीत जास्तीत जास्त 15 यंत्रे आणि केबलची एकूण लांबी 20 मीटरपर्यंत. घराला नंबर असावा तसा प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. पुढे 1990 साली एससीपीआय ही आज्ञांची समान भाषा ठरली. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांच्या मीटरना जवळपास सारख्याच शब्दांत विचारता येते. आज नव्या यंत्रांना यूएसबी किंवा लॅनचे सॉकेट असते, भाषा मात्र बहुधा तीच आहे.

सुरुवात कशी करावी?

पहिली पायरी : यंत्राची मागची बाजू पाहा आणि कोणते सॉकेट आहे ते ओळखा. जुन्या मीटरला नऊ पिनांचे आरएस-232 सॉकेट असेल, तर दोन्हीकडचा वेग व इतर सेटिंग जुळवा. प्रसिद्ध 34401ए मीटर कारखान्यातून येताना जीपीआयबीवर ठेवलेले असते. मेनूमध्ये जाऊन ते आरएस-232 वर आणावे लागते. केबलही उलटसुलट जोडणीची, म्हणजे नल-मोडेम लागते. शिवाय आधी 'रिमोट' ही आज्ञा द्यावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले मीटर नादुरुस्त समजून बाजूला पडते.

दुसरी पायरी : प्रथम फक्त नाव विचारा. 'तारांकन, आयडीएन, प्रश्नचिन्ह' ही आज्ञा पाठविली की यंत्र आपली कंपनी व मॉडेल सांगते. उत्तर आले म्हणजे केबल, पत्ता व वेग तिन्ही बरोबर. उत्तर वाचल्याशिवाय दुसरा प्रश्न टाकू नका, नाहीतर यंत्र चूक दाखवील.

तिसरी पायरी : एकच माप घ्या. समजा बोर्डावर 5 व्होल्ट हवेत आणि पाच टक्के सूट आहे. मग 4.75 ते 5.25 मधील बोर्ड पास, बाकीचे बाजूला. मीटरची रेंज ठरवून द्या, आपोआप रेंज शोधण्यात वेळ जातो. वीज दिल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांबण्याची आज्ञाही प्रोग्रॅममध्ये असू द्या.

चौथी पायरी : बोर्डाचा क्रमांक, तारीख, वेळ व आकडा फाईलमध्ये आपोआप साठवा. पायथॉन ही भाषा व तिचे पायव्हिसा हे साधन मोफत मिळते. इंजिनियरिंग किंवा डिप्लोमा करणाऱ्या मुलाला हे काम शिकणे जड नाही.

दोन इशारे

पहिला : संगणक प्रामाणिक असतो, शहाणा नसतो. मीटरच चुकीचे दाखवीत असेल, तर तो तीच चूक हजार वेळा तत्परतेने लिहील. म्हणून मीटरचे कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून वेळच्या वेळी करून घ्यावे.

दुसरा : 415 व्होल्टच्या तपासणीत यंत्र आपोआप चालते म्हणून माणसाने निश्चिंत होऊ नये. झाकण उघडताच पुरवठा तुटेल असा स्विच आणि हाताशी लाल बटण हवेच. हे काम प्रोग्रॅमवर सोपवू नये, कारण संगणक अडकला तरी वीज तुटली पाहिजे.

1910 साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. 1947 पासून सांगलीत वालचंदांच्या नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. यंत्रविद्या या मातीला परकी नाही. कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानसा गाळा घेणाऱ्या आमच्या तरुणांनी मोठ्या भांडवलाची वाट पाहू नये. एक मीटर, एक केबल आणि एक जुना संगणक इतक्यावर आरंभ होतो. ग्राहकाच्या हाती दिलेला तपासणीचा कागद खरा असेल, तर दुसरी ऑर्डर मागायला फारसे हिंडावे लागत नाही.